गरोदर आणि एकट्या मातांसाठी निवारा कसा चालवावा

आमच्या निवाऱ्यात सातव्या महिन्यात आलेली एक बाई पहिले नऊ दिवस पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळून आणि चपला उशाखाली ठेवून झोपत असे. ती वेळेवर जेवत होती, तपासणीला येत होती, विचारले की "बरे आहे" म्हणत होती, पण पिशवी काही सोडत नव्हती. दहाव्या दिवशी सुतार दुसऱ्याच एका कामासाठी आला होता, तेव्हा तिने त्याला हळूच विचारले की माझ्या खोलीला आतून कडी बसवता येईल का. कडी बसली आणि त्या रात्री पिशवी पहिल्यांदा कपाटात गेली. आम्ही तिला खाट, जेवण, औषधे सगळे दिले होते. दार लावून घेण्याची मुभा मात्र दिली नव्हती आणि ते आमच्या लक्षातही आले नव्हते. असा निवारा सुरू करू पाहणाऱ्यांसाठी, किंवा आधीच चालवणाऱ्या संस्थांमध्ये नव्याने कामाला लागलेल्यांसाठी, पुढील सूचना अनुभवातून लिहीत आहे.

अशा घरांचा इतिहास माहीत असलेला बरा, कारण तो दोन अगदी वेगळ्या वाटांनी गेला आहे. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, तेव्हा तेथे येणाऱ्या विधवेला गुप्तपणे आणि सुरक्षितपणे बाळंत होता येत असे, आणि मूल सोबत न्यावे की तेथेच ठेवावे हे तिच्या खुशीवर सोडलेले होते. तेथे जन्मलेल्या यशवंताला फुले दांपत्याने पुढे दत्तक घेतले. याउलट आयर्लंडमधील माता-बाल गृहांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसले की १९२२ ते १९९८ या काळात तपासलेल्या १८ संस्थांमध्ये सुमारे ५६,००० माता आणि ५७,००० मुले राहिली होती, आणि त्यांपैकी सुमारे ९,००० मुले दगावली. छप्पर तेथेही होते, पण तेथे राहणाऱ्या स्त्रीच्या शब्दाला किंमत नव्हती. निवाऱ्याचा प्रत्येक नियम ठरवताना आपण यांतल्या कोणत्या वाटेने चाललो आहोत, हे स्वतःला विचारावे.

दारात आल्यावर

"तुम्ही बेघर आहात का?" या प्रश्नाला बहुतेक जणी नाही असेच उत्तर देतात. मैत्रिणीकडे जमिनीवर अंथरूण टाकून राहणारी, एखाद्याच्या घरचे सगळे काम करून त्या बदल्यात झोपायला जागा मिळवणारी, किंवा जागेपायी एखाद्या पुरुषाची बळजबरी सोसणारी स्त्री स्वतःला बेघर समजत नाही, आणि रस्त्यावर न दिसल्यामुळे ती कोणाच्या मोजणीतही येत नाही. त्याऐवजी "कालची रात्र कुठे काढलीत, आणि आज इथे आला नसता तर कुठे गेला असता?" असे विचारावे. उत्तरात बहुधा सगळे येते.

पहिल्या रात्री विचारण्याच्या गोष्टी मोजक्या आहेत. रक्त जाते आहे का, पोटात कळा येतात का, अंगावरून पाणी गेले आहे का, बाळाची हालचाल नेहमीसारखी आहे का, हे आधी विचारावे. त्यानंतर कोणती औषधे चालू आहेत आणि शेवटची मात्रा केव्हा घेतली, कोणापासून जिवाला धोका आहे का, आणि आणखी मूल कुठे मागे राहिले आहे का, हे विचारावे. शेवटी जेवण झाले आहे का ते विचारावे, आणि झालेले नसेल तर बाकीचे प्रश्न तेथेच थांबवून आधी ताट वाढावे. बाळाचा बाप कोण, लग्न झाले आहे का, माहेरचे लोक कुठे आहेत, हे प्रश्न तिने आपणहून बोलेपर्यंत राहू द्यावेत. ज्या स्त्रीला प्रत्येक दारात तीच कहाणी पुन्हा सांगावी लागली आहे, तिला ती येथे सांगावी लागत नाही, हाच तिच्यासाठी पहिला दिलासा असतो.

औषधांचा प्रश्न वरवरचा नाही. मिरगीचे औषध चुकले तर झटका येऊ शकतो, आणि दारू किंवा अफूवर्गीय पदार्थ यांची सवय असलेल्या गरोदर स्त्रीने ते एकाएकी थांबवले तर तिला आणि बाळाला दोघांनाही धोका असतो. म्हणून "इथे राहायचे असेल तर आजपासून सगळे बंद" ही अट घालणे वैद्यकीय दृष्ट्याही चूक आहे. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने व्हावे लागते. आणि अशी अट असली की पुढची बाई खरे सांगत नाही.

मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर बालसंरक्षणाचा कायदा लागू होतो आणि संस्थेवर कळवण्याची जबाबदारी येऊ शकते. ती जबाबदारी काय आहे हे कायदा जाणणाऱ्या व्यक्तीकडून आधीच लेखी समजून घ्यावे, आणि मुलीपासून ते लपवू नये. आपण कोणाला काय कळवणार आहोत, हे तिला कळवण्यापूर्वी सांगावे.

तपासण्या आणि धोक्याच्या खुणा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून गरोदरपणात किमान ८ वेळा तपासणीची शिफारस केली आहे: पहिली १२ आठवड्यांच्या आत, आणि पुढच्या २०, २६, ३०, ३४, ३६, ३८ आणि ४० व्या आठवड्यांत. आपल्याकडे येणाऱ्या स्त्रियांचे यांतले निम्मे टप्पे बहुधा हुकलेले असतात. अशा वेळी वेळापत्रक पाहत न बसता पहिल्याच आठवड्यात राहिलेले सगळे करून घ्यावे: रक्तदाब, लघवीची तपासणी, हिमोग्लोबिन, रक्तगट आणि आरएच, एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी, साखर, सोनोग्राफी आणि धनुर्वाताची लस. हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय समजला जातो. गरोदर स्त्रीला रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल लागते, आणि रक्तक्षय असल्यास लोहाची मात्रा डॉक्टर वाढवतात. क्षयरोग आणि खरूज यांची तपासणीही याच आठवड्यात व्हावी, पण ती सर्वांची होते हे सांगून, म्हणजे कोणाला आपल्यावर बोट ठेवल्यासारखे वाटणार नाही.

पहिल्या एक-दोन वेळा तरी तिच्यासोबत कोणीतरी जावे. पत्ता काय, नवरा कुठे आहे, आधी का आला नाहीत, असे प्रश्न खिडकीवरच सुरू झाले की अनेक जणी रांग सोडून परत येतात. सोबतच्या व्यक्तीने तिच्या वतीने बोलू नये. शेजारी उभे राहावे आणि फाइल धरावी. ही फाइल पाण्याने न भिजणाऱ्या पिशवीत असावी, ती तिच्याच ताब्यात असावी, आणि तिच्या संमतीने प्रत्येक कागदाची एक प्रत कार्यालयात ठेवावी, कारण कागद हरवले की सगळ्या तपासण्या पुन्हा कराव्या लागतात.

रात्रपाळीच्या कार्यकर्तीला धोक्याच्या खुणा पाठ असल्या पाहिजेत. रक्तस्राव, डोके फुटेल असे दुखणे आणि डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिणग्या, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक आलेली सूज, झटके, ताप, दम लागणे, सतत राहणारी पोटदुखी, अंगावरून पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, किंवा १४०/९० अथवा त्याहून जास्त रक्तदाब, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्री वाहन कोण आणणार, सोबत कोण जाणार आणि तिचे मोठे मूल कोणाजवळ झोपणार, हे भिंतीवर लिहिलेले असावे. ते रात्री दोन वाजता ठरवायला बसू नये.

खोली आणि नियम

प्रत्येकीला स्वतंत्र खोली देणे शक्य असेल तर तीच द्यावी, आणि नसेल तर निदान कुलूप लागणारे कपाट आणि पडदा तरी हवा. खोलीच्या दाराला आतून लागणारी, पण प्रसंगी बाहेरून उघडता येईल अशी कडी असावी. खाट खालच्या पातळीवरची असावी, वरच्या बंकवर गरोदर स्त्रीला चढायला लावू नये. शौचालय जवळ आणि रात्री उजेडात असावे, न्हाणीघराची फरशी घसरडी नसावी आणि धरायला दांडा असावा. मोठ्या दालनात खाटा लावण्याचा मोह टाळावा, कारण गोवर किंवा कांजिण्या अशा दालनात झपाट्याने पसरतात आणि गरोदर स्त्रीला व नवजात बाळाला ते फार महागात पडते.

जागा आखताना एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे वयात येणारा मुलगा. अनेक निवाऱ्यांत ठरावीक वयापुढच्या मुलांना आईसोबत राहू देत नाहीत, आणि त्यामुळे तेरा वर्षांच्या मुलाला एकटे सोडण्यापेक्षा आई त्याच्यासह बाहेरच राहते. निदान दोन खोल्या अशा असाव्यात की त्यांचे दार आणि न्हाणीघर वेगळे असेल, म्हणजे हा पेच उरणार नाही.

नियम थोडे असावेत, लेखी असावेत, तिच्या भाषेत असावेत आणि ते का आहेत हे सांगता आले पाहिजे. हिंसा नको, आत दारू किंवा अमली पदार्थ नकोत, पत्ता बाहेर सांगायचा नाही, रात्री बाहेर राहणार असाल तर कळवावे: एवढ्यावर घर चालते. प्रार्थनेला बसण्याची सक्ती, फोन काढून घेणे, पत्रे वाचणे, बाहेर जायला चिठ्ठी मागणे, "शिस्त" म्हणून फुकट कामाला जुंपणे, हे प्रकार निवाऱ्याला कोंडवाड्याकडे नेतात. अटी पूर्ण केल्यावर घर, ही जुनी पद्धत. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी मानसिक आजार असलेल्या, रस्त्यावर राहणाऱ्या लोकांना आधी घर आणि मग इच्छेनुसार उपचार, अशी उलट पद्धत सुरू केली, आणि बहुतेक लोक ते घर टिकवू शकले. गरोदर स्त्रीच्या बाबतीत तर थांबायला वेळच नसतो. तिची पात्रता तपासण्यात गेलेले सहा आठवडे तिच्या चाळीसांतून वजा होतात.

मारहाणीतून सुटून आलेल्या स्त्रीसाठी घर सोडल्यानंतरचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. तिच्या फोनमधील ठिकाण कळवणाऱ्या सोयी, सामाईक खाती आणि मुलाच्या खेळण्यात किंवा बॅगेत लपवलेली माग काढणारी उपकरणे, हे सगळे तिच्या संमतीने आणि तिच्या समोर पहिल्याच दिवशी तपासावे. फोनवर कोणीही विचारले, अगदी "मी तिचा भाऊ बोलतोय, आई आजारी आहे" असे सांगितले तरी, उत्तर एकच असावे: अशी कोणी व्यक्ती येथे आहे किंवा नाही, हे आम्ही सांगत नाही. निरोप मात्र घ्यावा आणि तिला जरूर द्यावा, कारण आई खरेच आजारी असू शकते आणि तो निर्णयही तिचाच आहे.

बाळंतपण आणि त्यानंतरचे आठवडे

छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत पिशवी भरलेली असावी, आणि सोबत कोण येणार हे तिने निवडलेले असावे. रुग्णालयाला द्यायचे पत्रही याच सुमारास तयार ठेवावे: ही स्त्री आमच्याकडे राहते, सुट्टी मिळाल्यावर बाळासह आमच्याकडेच येणार आहे आणि बाळाच्या झोपण्याची सोय झालेली आहे. पत्ता नसलेल्या आईला बाळ घेऊन जाऊ द्यावे की नाही, असा प्रश्न प्रसूतीनंतर उठतो तेव्हा ती उत्तरे देण्याच्या अवस्थेत नसते, आणि अशा वेळी हे एक पत्र मोठे काम करते.

बाळ आईजवळ ठेवावे की दत्तक द्यावे, याविषयी निवाऱ्याचा स्वतःचा कोणताही स्वार्थ असता कामा नये. ज्या संस्थेला दत्तक देण्यातून पैसा किंवा नाव मिळते तिने त्याच स्त्रीच्या डोक्यावरचे छप्परही पुरवणे योग्य नाही, कारण तेव्हा "विचार करा" या शब्दांनाही धमकीचा वास येतो. तिला माहिती हवी असेल तर ती स्वतंत्र आणि कायदेशीर यंत्रणेकडून मिळवून द्यावी. प्रसूतीच्या आधी किंवा लगेच नंतर कोणत्याही कागदावर सही घेऊ नये, आणि निर्णय काहीही असो, तिची खोली तिचीच राहील हे आधीच सांगून ठेवावे.

बहुतेक संस्था प्रसूतीपर्यंत जिवाचे रान करतात आणि बाळ घरी आले की सुटकेचा निःश्वास सोडतात. माझ्या मते खरे काम तेथून पुढे असते. प्रसूतीनंतर किमान २४ तास रुग्णालयात राहावे, आणि मग ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान, ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान आणि सहाव्या आठवड्यात आई व बाळ दोघांची तपासणी व्हावी. आईच्या बाबतीत तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, एकाच पायाच्या पोटरीत दुखणे आणि सूज, धाप लागणे, आणि बाळाच्या बाबतीत दूध न ओढणे, झटके, मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणे, ३७.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप अथवा अंग गार पडणे, पहिल्या दिवशीच किंवा तळहात-तळपायांपर्यंत आलेली कावीळ, यांपैकी काहीही दिसले तर तडक रुग्णालयात न्यावे.

नवजात बाळ दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा दूध पिते, याचा अर्थ एकट्या आईला सलग तीन तास झोप मिळत नाही. जिथे घरात सासू, आई, बहीण असते तिथे ही पाळी वाटली जाते. येथे ती वाटून घेणारे कोणीतरी निवाऱ्याने उभे करावे लागते. आमच्याकडे एक कार्यकर्ती पहाटे चार ते सात बाळांना घेऊन बसत असे. दूध पाजून झाले की बाळ तिच्याकडे द्यायचे आणि आईने दार लावून झोपायचे. आईंना बाकी कशापेक्षाही ते तीन तास मोलाचे वाटत. याला फार पैसा लागत नाही, लागतो तो वक्तशीर माणूस. बाळाला झोपवताना ते पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी व मऊ पांघरुणांशिवाय झोपवावे, आणि थकलेली आई खुर्चीत किंवा सोफ्यावर बाळाला घेऊन झोपी जाणार नाही याकडे लक्ष द्यावे. बाळाचे वजन २.५ किलोपेक्षा कमी असेल तर त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची कांगारू पद्धत दिवसाचे ८ ते २४ तास चालावी अशी शिफारस आहे, आणि तितके तास बसून राहायचे म्हणजे तिचे कपडे धुणे, जेवण आणि मोठे मूल कोणीतरी सांभाळले पाहिजे, हे उघड आहे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारे रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. ते त्यापुढे टिकले, किंवा ती बाळाकडे पाहीनाशी झाली, तर ते नैराश्य असू शकते. ते ओळखण्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली एडिनबर्ग प्रश्नावली अवघ्या १० प्रश्नांची आहे, आणि प्रशिक्षित कार्यकर्तीला ती दहा मिनिटांत घेता येते. तिच्यातील शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांविषयी आहे, आणि त्याचे उत्तर "कधीही नाही" याशिवाय दुसरे काहीही आले तर उत्तरांच्या गुणांची बेरीज कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. हजारांत एक-दोन बाळंतिणींना पहिल्या दोन आठवड्यांत भास, असंबद्ध बोलणे, झोपेची गरजच न वाटणे असे होते. ती तातडीची वैद्यकीय अवस्था आहे, आणि अशा आईला क्षणभरही एकटे ठेवू नये. त्याचबरोबर तिला "वेडी" हा शब्द ऐकू येऊ देऊ नये. उपचारांनी ती बरी होते आणि तो शब्द मागे उरतो.

संततिनियमनाचा विषय सहाव्या आठवड्यापर्यंत थांबवू नये, कारण अंगावर न पाजणाऱ्या स्त्रीला त्याआधीच पुन्हा दिवस राहू शकतात. माहिती द्यावी, साधन तिने निवडावे, आणि निवाऱ्यात राहण्याचा त्याच्याशी काहीही संबंध नसावा.

कागद, काम आणि पुढचे घर

बाळाची जन्मनोंद पहिल्या काही दिवसांतच करून घ्यावी. जन्मताच नोंद, नाव आणि राष्ट्रीयत्व हा मुलाचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या सातव्या कलमात मान्य झालेला आहे, आणि नोंद राहिली की पुढे लस, शाळा, सरकारी मदत सगळेच अडते. वडिलांचे नाव लिहावे की नाही, त्याचे पोटगी आणि ताबा यांवर काय परिणाम होतात, हे वकिलाकडून तिला प्रसूतीपूर्वीच समजावून द्यावे.

कामाची घाई करू नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००० चा करार क्रमांक १८३ किमान १४ आठवड्यांची प्रसूती रजा सांगतो; निवाऱ्यातल्या स्त्रीलाही निदान तेवढी विश्रांती मिळावी, ती "मोफत बसून खाते" असे कोणीही म्हणू नये. त्यानंतर मात्र पाळणाघराची सोय आधी आणि नोकरी मागून, असा क्रम ठेवावा, कारण बाळाला कोण बघणार हे न ठरवता धरलेली नोकरी महिन्याभरात सुटते आणि तिचा स्वतःवरचा विश्वासही सोबत घेऊन जाते.

राहण्याची मुदत प्रसूतीनंतर किमान सहा महिने आणि शक्य तर एक वर्ष असावी, आणि ती तारीख तिला पहिल्या आठवड्यातच लेखी द्यावी. भाड्याचे घर मिळवताना अडते ते बहुधा मासिक भाड्यापेक्षा अनामत रक्कम, जामीन आणि "एकटी बाई, लहान मूल" ऐकून बदलणाऱ्या घरमालकाच्या स्वरामुळे. अनामतीसाठी संस्थेने फिरता निधी ठेवावा, पहिले वर्षभर संस्था जामीन राहील असे पत्र द्यावे, आणि घर पाहायला जाताना कार्यकर्तीने सोबत जावे. तिची मिळकत नक्की किती आहे, तीत भाडे, दूध, औषध आणि पाळणाघर बसते का, हे तिने स्वतः वहीत मांडून पाहावे. बसत नसेल तर तिला बाहेर पाठवण्याची तारीख पुढे ढकलावी.

ती नव्या घरी गेल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत दोनदा, मग वर्षभर महिन्यातून एकदा, तिला चालेल अशा वेळी भेटावे किंवा फोन करावा. तिची खोली मात्र पहिले पंधरा दिवस दुसऱ्या कोणाला देऊ नये. घरमालकाने शब्द फिरवला, नवरा दारात येऊन उभा राहिला, किंवा पहिल्याच तापाने बाळाची आई घाबरली, तर मध्यरात्री परत यायला तिला ती खोली मोकळी हवी, आणि रात्रपाळीवर असलेल्या कार्यकर्तीला तिचे नाव माहीत हवे.